चौदा काचांचं पाकीट

जेवणाचं टेबल तेवीस दिवसांपासून जेवणाचं राहिलं नव्हतं. घरातली तिन्ही माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत होती आणि टेबलावर फोमचे कपटे, दोन कात्र्या, कंपासपेटी, दोऱ्यांची रिळं, जॅमच्या बरण्यांची नऊ झाकणं आणि झाकण काढलेलं शिवणयंत्र सुखानं नांदत होतं. या सगळ्याच्या मधोमध, घडी घातलेल्या मऊ टॉवेलवर, चौदा गोल काचा मांडून ठेवलेल्या असत. त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती.

"वन्सं," डबा भरता भरता वहिनीनं विचारलं, "आज तरी तुमचं प्रदर्शन उठणार का? नाही, म्हणजे उठणार नसेल तर मी तिकीट लावते म्हणते."

"आज होतंय, वहिनी. फक्त अस्तर राहिलंय."

"सोमवारी चेन राहिली होती."

"चेन लावली आणि काढली. चेनचे दात काचेला घासतात."

"इथे मी दात-ओठ खातेय, त्याचं काही नाही."

दादा वर्तमानपत्राआडून हसला. मग पत्र खाली घेऊन त्यानं जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "भिंगरे, फोन केलास का त्यांना?"

भिंगरी खिडकीपर्यंत गेली, पडदा उगाच सारखा केला, परत आली. "पाकीट झालं की करते."

हे नाव दादानंच ठेवलेलं, ती चार वर्षांची असताना. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची म्हणून. अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते तिला मापात बसत होतं. तिनं बसून चहा प्यायल्याचं कुणी पाहिलेलं नाही. कप हातात आणि पाय खिडकीकडे, खिडकीपासून दाराकडे, दारापासून परत टेबलाकडे. फोनवर बोलताना ती दोन खोल्यांत इतक्या फेऱ्या घाले की पलीकडचा माणूस विचारी, "रस्त्यात आहात का? नंतर करू?"

एकविसाव्या वर्षी ती एका फोटो स्टुडिओत कामाला लागली होती. काम काय, तर पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं लिहायची आणि काउंटरमागच्या खुर्चीत बसायचं. आठ दिवसांत मालकांच्या ध्यानात आलं की नावं ठीक लिहिते, पण खुर्ची या मुलीला मानवत नाही. त्यांनी तिला मागच्या खोलीत धाडलं. तिथलं काम उभ्यानं होतं. जुनी तैलचित्रं, नकाशे, प्रमाणपत्रं, पिवळी पडलेली पत्रं, असं जे जे लोक घेऊन येत त्याचे फोटो काढायचे. पुढच्या खोलीत मालक माणसांचे फोटो काढत आणि मागच्या खोलीत भिंगरी वस्तूंचे. तिला विचारलं तर म्हणायची, "माणसं हलतात आणि फोटो हलला म्हणून मला बोलतात. चित्र हलत नाही. मी कितीही हलले तरी त्याला चालतं."

त्या खोलीत तिची एकतीस वर्षं गेली. लग्न दोनदा जमत आलं आणि दोन्ही वेळा आईच्या दुखण्यात राहून गेलं. आई गेल्यावर जमवणारं कुणी उरलं नाही आणि भिंगरीला सवड नव्हती.

चौदा काचा या त्या खोलीतल्या. भिंगापुढे लावायचे फिल्टर. कुणी पिवळा, कुणी लाल, कुणी निळसर. कुणी नुसताच राखाडी, प्रकाश कमी करणारा. प्रत्येकाला धातूची पातळ कडी आणि कडीला आटे, म्हणजे भिंगाच्या तोंडावर फिरवून बसवता येतो. स्टुडिओत ते एकमेकांवर फिरवून, थप्पी करून ठेवायची पद्धत होती. जागा वाचते. पण एकदा, एक निवृत्त न्यायाधीश आपल्या वडिलांचं तैलचित्र घेऊन आले असताना, दोन फिल्टर एकमेकांत असे अडकले की मालकांच्या मनगटानंही सुटेनात. भिंगरीनं पायातली रबरी स्लीपर काढली, फिल्टर स्लीपरच्या तळव्यावर दाबून धरला आणि एक पीळ दिला. सुटला. रबर कडीला सगळीकडून सारखं धरतं, ही त्यातली मेख. न्यायाधीश गंभीरपणे म्हणाले, "बाई, वडिलांसमोर चप्पल नका दाखवू. ते रागीट होते."

तेव्हापासून थप्पी तिच्या डोक्यात बसलेली. प्रत्येक फिल्टरला स्वतःचं घर हवं. पण तेव्हा काम इतकं असे की घरं बांधायला वेळ कुठला.

सहा वर्षांपूर्वी स्टुडिओ बंद झाला. शेवटच्या दिवशी मालकांनी चौदाही फिल्टर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिले. पिशवीत ते एकमेकांवर आपटून टकटक वाजत होते आणि भिंगरी घरापर्यंत पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आली. मग कपाटाचा वरचा कप्पा. मग सहा वर्षं.

या सहा वर्षांत तिचं घरातलं नाव बदललं नाही, पण हुद्दा बदलला. ती 'घरी आहेच' झाली. नळवाला येणार आहे? भिंगरी घरी आहेच. शेजाऱ्यांची किल्ली? त्यांच्याकडे ठेवा, त्या घरी असतातच. वरच्या मजल्यावरचं पार्सल, खालच्यांच्या मांजराचं खाणं, सगळं तिच्याकडे. वाईट हेतूनं कुणी करत नव्हतं. दिवसाला सात-आठ वेळा घंटा वाजे आणि ती दार उघडायला जाई. जाण्याची तिला अडचण नव्हती, ती तशीही चालतच असे. पण दार उघडून पार्सल घेताना तिचा चेहरा असा आशेनं उजळे, की पार्सलवाला चटकन म्हणे, "तुमचं नाहीये, मॅडम."

मग तेवीस दिवसांपूर्वी तो फोन आला. गावातल्या संग्रहालयाच्या मुख्य मॅडम. एका जुन्या संस्थेनं आपली ब्याऐंशी तैलचित्रं संग्रहालयाला दिली होती. दुरुस्तीला पाठवण्याआधी प्रत्येकाचा नीट फोटो हवा होता, वार्निशची चकाकी न येता. मॅडमना जुन्या फायलींत तिनं काढलेले फोटो सापडले होते. "असं काम आता कुणी करत नाही," त्या म्हणाल्या. "एक चित्र काढून दाखवा. जमलं तर ब्याऐंशीही तुमचीच. कॅमेरा, दिवे आमचे."

भिंगरीनं उत्तर दिलं होतं, "फिल्टर जरा नीट पाकिटात घालते आणि फोन करते."

तो दिवस आणि आजचा दिवस. मंगळवारी मॅडमचा निरोप आला होता. गुरुवारपर्यंत कळवलं नाही तर काम एका कंपनीला द्यावं लागेल, क्षमस्व. तुला कसली भीती वाटतेय असं कुणी विचारलं असतं तर भिंगरी म्हणाली असती, धुळीची. विचारलं असतं तर, म्हणजे. घरात कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना दिसत होतं. हे काम गेलं तर दुसरं येणार नव्हतं. घ्यायला गेली आणि हात विसरले असले, तरीही दुसरं येणार नव्हतं. पाकीट करत राहिलं की दोन्ही गोष्टी टेबलाच्या पलीकडे राहत.

पहिलं पाकीट सीडीच्या रिकाम्या डब्यांचं झालं. फिल्टर आत खुळखुळले. दुसरं दादाच्या जुन्या जीन्सच्या खिशांचं. त्या कापडाचे तंतू काचेला चिकटले. मग तिला शोध लागला की जॅमच्या मोठ्या बरणीचं झाकण फिल्टरच्या मापाचं असतं, दोन झाकणं तोंडाला तोंड लावून चिकटवली की डबी तयार. त्यासाठी तिघांनी दहा दिवस जॅम खाल्ला. दादाला आवडत नाही, तरी त्यानं खाल्ला. चार डब्या झाल्यावर तिनं एक डबी हलवून पाहिली, आतून पत्र्याचा आवाज आला, आणि उरलेल्या झाकणांचा विषय संपला. नववी बरणी वहिनीनं दवाखान्यात नेऊन वाटून टाकली.

चौथ्याचं काय झालं ते कुणालाच आठवत नाही. पाचवं मात्र उत्तम निघालं आणि त्यावरून घरात भांडणही उत्तम झालं. कारण त्याचा फोम वहिनीच्या व्यायामाच्या चटईचा होता.

"मी विचारणार होते," भिंगरी म्हणाली.

"कधी? मी तिच्यावर झोपून कमरेखाली भोकं लागल्यावर?"

"तुम्ही गेल्या वर्षीपासून उघडली नव्हती ती."

"म्हणून काय कापायची? तुम्हीही तुमच्या काचा सहा वर्षं उघडल्या नव्हत्या, मी फोडल्या का?"

दादा हळूच बाल्कनीत गेला.

वहिनी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसे. दिवसाला साठ माणसांची गाऱ्हाणी ऐकून तिची जीभ वस्तऱ्यासारखी झाली होती. पण वस्तरा कामाचाही असतो. भांडण झालं त्याच रात्री जेवताना ती म्हणाली, "उरलेल्या चटईचं काय करताय? अर्धी चटई माझ्या काही कामाची नाही. पूर्ण वापरा तरी."

तर बुधवारी दुपारी, घरात एकटी असताना, भिंगरीनं शेवटचा टाका घातला आणि दोरा दातानं तोडला. पाकीट खरोखरच देखणं झालं होतं. उघडलं की पंख्यासारखं उलगडणारं, चौदा खणांचं. प्रत्येक खणात फोमचं गोल घर, सत्त्याहत्तर मिलिमीटरचं, वर चष्मा पुसायच्या मऊ कापडाचं अस्तर, आणि काचेखालून जाणारी एक फीत. फीत ओढली की फिल्टर आपसूक वर येई, काचेला बोट लागत नसे. तिनं तेरा फिल्टर घातले. चौदावा हातात घेतला. हा सगळ्यांत महत्त्वाचा, काळसर, दोन कड्यांचा. याला पोलरायझर म्हणतात. पुढची कडी फिरत राहते, आणि नीट जागी आली की वार्निशवरची चकाकी विझून जाते. तैलचित्रांचं सगळं काम यावर.

खिडकीशी नेऊन तिनं तो तिरपा धरला. कडीच्या आत, काचेच्या कडेला, धुळीचा एक कण होता.

फोटोत तो कधीच दिसला नसता. हे तिला पुरेपूर माहीत होतं. पण नव्या पाकिटात जुनी धूळ घालायची? तिनं कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं, त्याची दोन टोकं आतल्या कडीच्या दोन खाचांत रोवली, कडी फिरवून काढली आणि काच टॉवेलवर घेतली. पुसली. फुंकली. परत पुसली.

घंटा वाजली.

वरच्या मजल्यावरचं पार्सल होतं. मोठं खोकं, दारात मावेना. पार्सलवाल्याला सही हवी होती, पेन नव्हतं. पेन मिळालं तर ते उमटेना. मग खालच्या बाई आल्या, तुमच्याकडे आमच्या नळवाल्याचा नंबर आहे ना म्हणून. वीस मिनिटांनी भिंगरी टेबलाशी परतली. टॉवेलवर काच होती. तिनं ती उचलली, कडीत बसवली, कर्कटकानं आतली कडी घट्ट आवळली आणि फिल्टर चौदाव्या खणात सरकवला. बरोब्बर बसला. फीत ओढली. अलगद वर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तिनं तो पाकिटातून अकरा वेळा काढून पाहिला. त्याच्यातून एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी वहिनी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "उद्या दहाची वेळ मिळालीय तुम्हाला."

"कसली?"

"संग्रहालयाची. मी फोन केला. दिवसभर लोकांना वेळाच तर देते मी."

भिंगरी चालायची थांबली. "माझ्या नावानं बोललात?"

"छे. म्हटलं, त्यांची सहायक बोलतेय."

"मला सहायक कुठे आहे?"

"आता आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय मी. पाकीट झालं ना? का त्याला आता बाही लावायचीय?"

पाकीट झालं होतं. भिंगरीनं दादाच्या फोनवर संग्रहालयाच्या कॅमेऱ्याची माहिती पुस्तिका शोधून घेतली आणि झोपायच्या वेळेपर्यंत दोन्ही खोल्यांत फेऱ्या घालत ती तीनदा वाचून काढली.

संग्रहालयाच्या वरच्या दालनात चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं उभी होती. मॅडम चाळिशीच्या, घाईतल्या, गळ्यात चष्मा लोंबकळणारा. "आणि या आपल्या सहायक?"

"हो," वहिनी म्हणाली. "फोनवर आपलंच बोलणं झालं." आणि बॅग खांद्यावर अशी घेतली जशी जन्मभर हेच करत आली आहे.

पहिलं चित्र संस्थेच्या कुण्या जुन्या अध्यक्षांचं होतं. धुरानं आणि वार्निशच्या पुटांनी इतकं काळं झालेलं की एक कपाळ, एक हात आणि खुर्चीची कड एवढंच दिसे. बाकी सगळा आरसा. त्यात खिडक्या दिसत होत्या, दिवे दिसत होते, वहिनीही दिसत होती.

भिंगरी कामाला लागली. दोरी लावून अंतर मोजलं, दिवे दोन्ही बाजूंना ठेवले, पडदे ओढायला लावले. दिव्यांपुढे बरोबर आणलेल्या काळसर फिल्म ताणून बसवल्या. फिल्ममधून आलेला उजेड आणि पोलरायझर यांची जोडी जमली की चकाकी जाते. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या फेऱ्यांना कारण होतं. दिव्याकडून चित्राकडे, चित्राकडून कॅमेऱ्याकडे. ज्या नव्या कॅमेऱ्याची तिनं इतकी धास्ती घेतली होती, त्याची बटणं पाच मिनिटांत हाताशी आली. हात काही विसरले नव्हते. तिनं फीत ओढली, पोलरायझर वर आला, मॅडम म्हणाल्या, "किती छान पाकीट आहे. कुठे मिळालं?" वहिनी म्हणाली, "चटईत."

भिंगरीनं फिल्टर भिंगावर बसवला आणि पुढची कडी फिरवायला सुरुवात केली.

चकाकी हलली नाही.

तिनं कडी पूर्ण फिरवली. चित्राचा रंग किंचित पिवळा झाला, मग किंचित निळा, आणि परत पिवळा. अध्यक्षांच्या पोटावर दिव्यांचा खिडकीएवढा पांढरा डाग होता तसाच राहिला. तिनं दिवे जवळ घेतले. लांब नेले. फिल्म उतरवून आडव्या लावल्या, मग उभ्या. कडी फिरवली. पिवळा, निळा, पिवळा. तिची मान घामानं भिजली. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मॅडमनी एक फोन घेतला, एक टाळला, आणि घड्याळाकडे बघितलं.

"काही अडचण आहे का? आमचे दिवे जुने आहेत तसे. त्यामुळे असेल."

"हो, दिवे…" भिंगरी म्हणाली आणि थांबली. "एक मिनिट. आरसा कुठे आहे इथे?"

प्रसाधनगृहात ती फिल्टर घेऊन शिरली, मागोमाग वहिनी बॅगेसकट. भिंगरीनं फिल्टर एका डोळ्यापुढे धरला, आटे आपल्याकडे, जसा तो कॅमेऱ्याला लावतात तसा, आणि आरशात पाहिलं. नीट असता तर काचेतून तिला आरशात आपला डोळा दिसला असता. तिथे डोळा नव्हता. शाईसारखं काळं वर्तुळ होतं.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "डोळा कुठे गेला?"

भिंगरीनं फिल्टर पालथा करून धरला. डोळा आला.

"काच उलटी बसलीय. याच्या काचेला पाठ-पोट असतं, वहिनी. बघून कळत नाही, आरशातच कळतं. काल मी ती काढली होती. पुसायला."

"कशाला?"

"एक कण होता."

"एक कण," वहिनीनं छताकडे पाहिलं. "बरं. मग सरळ करा."

"कर्कटक लागतं. घरी राहिलं."

"ते मीच आवरून ठेवलं सकाळी," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "टेबल मोकळं झालं म्हणून." तिनं केसांतली पिन काढून पुढे केली. भिंगरीनं ती घेतली, टोक खाचेवर टेकवलं. कालच तिनं कडी मनापासून आवळली होती. पिन घसरली असती तर काचेवर ओरखडा उमटला असता आणि मग सगळंच संपलं असतं. तिनं पिन परत दिली आणि बेसिनपासून दारापर्यंत चालू लागली. तीन पावलं जायला, तीन यायला.

"त्यांना काही सांगू नका," वहिनी कुजबुजली. "त्या स्वतःच म्हणाल्या ना दिवे जुने आहेत? तेच धरून ठेवा. उद्या येतो म्हणा, मी परत वेळ घेते."

"उद्या मी येणार नाही."

"का नाही येणार?"

"आज घरी गेले की मी नवीन पाकीट करायला घेईन, वहिनी. मला माहितीय. तुम्हालाही माहितीय."

वहिनीनं तिच्याकडे बघितलं. दवाखान्याच्या खिडकीवर बसून बसून तिला माणूस बहाणा सांगतोय की खरं, एवढं कळत होतं.

"आता चटई नाहीये दुसरी," ती म्हणाली. "चला बाहेर."

मॅडम दालनाच्या दारातच होत्या. भिंगरी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. उभी म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"दिवे ठीक आहेत," ती म्हणाली. "फिल्टरची काच मी उलटी बसवलीय. काल, घरी, माझ्या हातानं. इथे ती उलटवायचं हत्यार माझ्याकडे नाही."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. त्या 'अच्छा'चा काही अंदाज येत नव्हता. "मग आज होणार नाही?"

"कात्री आहे का?"

"कात्री?"

"काच उलटी आहे, तर अख्खा फिल्टरच उलटा लावते. तसा तो आट्यांवर बसत नाही. धरायला काहीतरी करावं लागेल."

कात्री आली. भिंगरीनं खिडकीच्या कट्ट्यावर पाकीट उलगडलं. चौदाव्या खणाची शिवण तिनं ज्या निगुतीनं घातली होती तितक्याच निगुतीनं उसवायला वेळ नव्हता. तिनं सरळ कात्री घातली. वहिनीच्या तोंडून "अहो, अहो!" असं निघून गेलं. खण सुटा झाला. भिंगरीनं त्याच्या पाठीला गोल भोक पाडलं, पुढचं अस्तर फाडून काढलं आणि फोमचं जे कडं उरलं त्यात फिल्टर पालथा दाबला. सत्त्याहत्तर मिलिमीटर, तो तिथे घट्ट बसला. मग शेजारचा, तेराव्याचा खणही कापला आणि त्याची पट्टी भिंगाभोवती गुंडाळून कडं वर टेकवलं.

"काहीतरी ताणणारं द्या."

वहिनीनं अंबाड्याचं रबर काढून दिलं. केस खांद्यावर सुटले. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

भिंगरीनं कडं धरून फिल्टर सावकाश फिरवला. पांढरा डाग आधी राखाडी झाला. मग त्याच्या कडा विरल्या. आणखी थोडं, केसभर. अध्यक्षांच्या पोटावरून खिडकी निघून गेली. खालून कोटाची बटणं आली, खुर्चीच्या पायावरचं कोरीवकाम आलं, मागची हिरवी भिंत आली. तिनं श्वास रोखून एक, दोन, तीन फोटो घेतले आणि मॅडमना पडद्याकडे बोलावलं.

मॅडम वाकल्या. मग त्यांनी बोट ठेवलं. "हे काय आहे? खुर्चीखाली?"

"मांजर," वहिनी म्हणाली. "झोपलंय."

"यादीत मांजर नाहीये." मॅडम मूळ चित्राकडे गेल्या, गुडघ्यावर बसून बघितलं, परत आल्या. "यादीत फक्त 'अध्यक्ष, आसनस्थ' आहे." त्यांनी टेबलावरची यादी ओढली आणि पेन्सिलीनं बारीक अक्षरांत काहीतरी जोडलं. मग मान वर न करता विचारलं, "दिव्यांचं मी खरं मानलं असतं. का सांगितलंत?"

"तुम्ही दिवे बदलले असते," भिंगरी म्हणाली, "आणि चकाकी तशीच राहिली असती."

"असं पुन्हा होऊ शकतं?"

वहिनीनं डोळ्यांनी खूण केली, नाही म्हणा. भिंगरीला ती दिसली नाही. ती दुसऱ्या चित्राच्या चौकटीवरून बोट फिरवत होती.

"होऊ शकतं. पण आता घरातून निघायच्या आधी आरशात बघीन."

मॅडमनी यादी घडी घालून तिच्याकडे दिली. "सोमवारपासून. नऊ वाजता दालन उघडतं."

"सोमवारी कशाला?" भिंगरी म्हणाली. "दिवे तापलेत, माप लागलंय. हे दुसरं फार जड आहे का हो? तुमचा माणूस कुठाय उचलायला?"

"तो जेवायला गेलाय."

"वहिनी, त्या बाजूनं धरा जरा."

"वन्सं, माझी अर्ध्या दिवसाची रजा आहे," वहिनी म्हणाली. सुटलेले केस कानामागे टाकत ती वाकली आणि चौकटीचं दुसरं टोक तिनं उचललं.